सत्तावीस कुत्री

नार्व्याच्या किल्ल्यात आम्ही तीन टेबलं मांडली होती.
पहिल्यापाशी डोकी भादरायची,
दुसऱ्यापाशी कपडे उतरवून वाफेच्या खोलीत धाडायचे,
तिसऱ्यापाशी मी, साल्मे ओइनास, वय एकोणीस,
दौत काखेत धरून. गोठायची ना शाई.

सैबेरियातून गाड्या येत.
डब्याचं दार सरकलं की आधी वास उतरे,
मग माणसं, पायांत भूर्जाच्या सालीच्या वहाणा,
दोन वर्षांपूर्वी संपलेल्या लढाईतून
अजून घरी न पोचलेली.

मी लिहिलं : डबा सात, नग अठ्ठेचाळीस.

शेल्ब्रेडनं 'नग'वर बोट टेकवलं.
अक्षरं फिसकटली, शाई त्याच्या बोटाला लागली.
बोलला काहीच नाही.

हा नॉर्वेचा. तरुणपणी दोन हिवाळे बर्फावर काढलेला,
डाव्या पायाची तीन बोटं तिकडेच ठेवून आलेला.
लोक म्हणत, यानं नकाशावरची कोरी जागा भरली.
तो म्हणे, भरली कुठं?
नुसता चालून आलो तिच्यावरून.

रात्री शेगडीपाशी बूट काढून बसला
आणि आपणहून सांगू लागला.
निघताना सत्तावीस कुत्री होती.
जे थकेल ते बाकीच्यांच्या पोटात.
रोजनिशीत तापमान, वारा, चाललेले मैल,
आणि समासात : वजा एक.
पुढच्या आठवड्यात पुन्हा वजा एक.
गावी परतल्यावर बँड वाजला, पदक मिळालं.
भाषण झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली :
"त्यांची नावं काय होती?"

त्या रात्री त्यानं मला सव्वीस नावं सांगितली.
सत्ताविसावं आठवेना.
लाकडं विझली तरी बसून होता,
ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी नावं लिहू लागले.
पुरं नाव, बापाचं नाव, गाव.
ओनुफ्री नावाचा एक म्हणाला, गावात विहीर आहे,
विहिरीपाशी अक्रोड.
देश विचारला तर माझ्याकडेच बघत राहिला :
"मी निघालो तेव्हा एक बादशहा होता. आता कोण आहे?"
मला तरी काय माहीत.
देशाच्या रकान्यात मी अक्रोड लिहिला.
महिन्याभरानं श्टेटिनहून कागद परत,
वर जांभळा शिक्का : असा देश आढळत नाही.
शेल्ब्रेडनं तो तसाच पुन्हा पाठवला.

पण हे सांगायला हवं,
नावांना वेळ लागतो.
बाहेर रांग, रांगेवर बर्फ.
त्या पहिल्याच दिवशी एक जण खाली बसला, उठला नाही.
मी तेव्हा कुणाच्या तरी बापाचं नाव
अक्षर अक्षर लावून विचारत होते.
याचं विचारायचं राहिलं.
खिशात चमचा निघाला, दुसरं काही नाही.

शेल्ब्रेड त्याच्याजवळ उकिडवा बसला.
मग उठला,
वाफेच्या खोलीचं मागचं दार खांद्यानं तोडलं
आणि अख्खी रांग आत घेतली,
उवांसकट, चिखलासकट.
डॉक्टर ओरडत होता. बरोबरच होतं त्याचं.
त्या आठवड्यात टायफसनं दोन परिचारिका गेल्या.
एक माझी मैत्रीण, हेल्मी.

मी त्याला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही.
तो गेल्याचं पुढं पेपरात वाचलं.
फोटो बर्फावरचा होता. नार्व्याचा एकही नाही.

आता चव्वेचाळीसचा ऑक्टोबर.
आमची होडी रात्री गॉटलंडला लागली,
बारा जणांच्या होडीत एकतीस.
धक्क्यावर टेबल, टेबलामागे स्वीडिश पोरगा,
टाक छान टोकदार.
"नाव? देश?"
देश, म्हणे.
माझ्यामागे एक बाई ओलं पोर घेऊन उभी आहे,
तिच्यामागे तिचा सासरा, दातांवर दात वाजताहेत.

मी त्याच्या कागदावर बोट टेकवते.
नावं सगळी लिही, पोरा,
एकही गाळू नकोस.
पण आधी आत घे यांना.